लोकप्रिय पॉप गाण्यांमागच्या गोष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे गाणे ऐकून ऐकून तोंडपाठ झाले, की त्याच्या जन्माची गोष्ट कुठून तरी कानावर येते आणि तेच गाणे वेगळे ऐकू येऊ लागते. खालील प्रश्न अशा श्रोत्यांचे आहेत. उत्तरे देताना एक पथ्य पाळले आहे : गोष्ट कितीही गोड असली, तरी ती तारखांशी किंवा संबंधितांच्या स्वतःच्या सांगण्याशी जुळत नसेल, तर ती दंतकथा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे.

गाणे ज्याच्या आवाजात गाजते, त्यानेच ते लिहिलेले असते का?

पुष्कळदा नसते, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ म्हटले की व्हिटनी ह्यूस्टन यांचा आवाज आठवतो. ते गाणे मात्र डॉली पार्टन यांनी 1973 मध्ये लिहिले आणि त्यात प्रियकराचा निरोप नव्हता. पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या 1967 पासून गात होत्या. नाव झाल्यावर त्यांना स्वतंत्र वाट धरायची होती आणि वॅगनर सोडायला तयार नव्हते. वाद घालून उपयोग होत नाही असे पाहून पार्टन यांनी आपले म्हणणे गाण्यात मांडले आणि ते वॅगनर यांना समोर बसवून ऐकवले. म्हणजे जगभर प्रेमगीत म्हणून गायले जाणारे हे गाणे मुळात, एका अर्थी, नोकरीचा राजीनामा होता.

पुढे एल्व्हिस प्रेस्ली यांनाही ते गायचे होते. त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी अट घातली, की गाण्याच्या प्रकाशन हक्कांतला अर्धा वाटा मिळाला पाहिजे. एल्व्हिस आपले गाणे गाणार या कल्पनेने हरखून गेलेल्या पार्टन यांनी ही अट नाकारली, आणि रात्रभर रडल्याचे त्यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. 1992 मध्ये ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी ह्यूस्टन यांनी ते गायले, अमेरिकेत ते सलग 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याची रॉयल्टी पूर्ण हक्कांसह पार्टन यांच्याकडे आली. चित्रपटात हे गाणे घ्यावे ही सूचना नायक केव्हिन कॉस्टनर यांची, आणि सुरुवातीला कोणतेही वाद्य असू नये हा आग्रहही त्यांचाच. तो मोकळा, एकटा आवाज ऐकताना श्वास घेतल्याचेसुद्धा ऐकू येते. कॉस्टनर हे काही संगीतकार नव्हेत, पण त्या एका निर्णयासाठी त्यांना श्रेय द्यायलाच हवे.

उलट प्रकारचे उदाहरण ‘रिस्पेक्ट’चे आहे. ओटिस रेडिंग यांनी ते 1965 मध्ये लिहून गायले, तेव्हा ते दमून घरी आलेल्या पुरुषाचे गाऱ्हाणे होते. अरेथा फ्रँकलिन यांनी फेब्रुवारी 1967 मध्ये तेच बाईच्या तोंडी घातले, शब्दातले एकेक अक्षर सुटे करून उच्चारण्याची जागा त्यात नव्याने घातली, आणि गाऱ्हाण्याची मागणी झाली. त्याच वर्षी माँटेरी येथील महोत्सवात रेडिंग यांनी मंचावरून हसत कबूल केले, की एका मुलीने आपले गाणे पळवले आहे.

आधी चाल सुचते की आधी शब्द?

याला नियम नाही. एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन यांची भेट 1967 मधल्या एका जाहिरातीमुळे झाली आणि तेव्हापासून त्यांची पद्धत ठरून गेली : टॉपिन यांनी शब्द लिहायचे, कागद हातात ठेवायचा, आणि एल्टन यांनी दुसऱ्या खोलीत पियानोपाशी बसून त्याला चाल लावायची. दोघे एका खोलीत बसून गाणे रचत नाहीत.

‘यस्टरडे’चा प्रवास याच्या नेमका उलटा आहे. लंडनमधल्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात पॉल मॅकार्टनी झोपेतून जागे झाले ते पूर्ण चाल डोक्यात घेऊनच. पलंगाजवळ पियानो होता, त्यावर त्यांनी ती लगेच वाजवून पाहिली. ती इतकी सहज आली होती, की आपण ती कुठेतरी ऐकलेली असणार अशी शंका त्यांना आली, आणि कित्येक दिवस ते भेटेल त्याला ती वाजवून दाखवत ‘ही कोणाची आहे?’ असे विचारत राहिले, जसे कोणी सापडलेले पाकीट घेऊन मालकाचा शोध घेत हिंडावे. मालक सापडला नाही. शब्द तर नव्हतेच, म्हणून चाल विसरू नये यासाठी ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’, म्हणजे फेटून परतलेली अंडी, हे शब्द त्या जागी बसवलेले होते. खरे शब्द मे 1965 मध्ये पोर्तुगालमधल्या मोटारप्रवासात सुचले आणि 14 जून 1965 रोजी ध्वनिमुद्रण झाले. त्यात बीटल्सपैकी एकटे मॅकार्टनी आहेत. सोबतीला निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सुचवलेली चार तंतुवाद्ये आहेत.

प्रेमगीत म्हणून वाजवले जाणारे एखादे गाणे मुळात तसे नसते, असे होते का?

होते, आणि ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. लग्नसमारंभात हे गाणे हमखास वाजते. स्टिंग यांनी ते 1982 मध्ये जमैकातल्या ‘गोल्डनआय’ या बंगल्यात लिहिले, जिथे इयन फ्लेमिंग यांनी जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्या काळात त्यांचा पहिला विवाह मोडत होता. शब्द नीट ऐकले तर कळते, की गाणारा माणूस समोरच्या व्यक्तीच्या प्रत्येक श्वासावर, प्रत्येक पावलावर नजर ठेवून आहे, आणि ती व्यक्ती त्याच्यापासून दूर गेलेली आहे. हे प्रेम नव्हे, पाळत आहे. स्टिंग यांनीही हे गाणे मत्सराचे आणि पाळतीचे असल्याचे वारंवार सांगितले आहे. तरी लोकांचा समज बदलत नाही, आणि त्यात लोकांची फार चूक आहे असेही वाटत नाही. गिटारची ती संथ, समतोल लय इतकी आश्वासक आहे, की शब्दांतले विष कानापर्यंत पोहोचतच नाही.

ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न इन द यूएसए’चेही तसेच झाले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, काम नाकारल्या गेलेल्या एका सैनिकाची ती तक्रार आहे. ध्रुवपद मात्र मूठ उंचावून गावे असे आहे, आणि गर्दीला तेवढेच लक्षात राहते. 1984 च्या निवडणूक प्रचारात अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन येथील भाषणात स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. त्यांनी या विशिष्ट गाण्याचे नाव घेतले होते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण ते खरे नाही. नाव गायकाचे होते, गाण्याचे नव्हे.

स्वतःच्या दुःखावरची गाणी गायक मंचावर पुन्हा पुन्हा कशी गातात?

काही गातात, काही थांबतात. एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा कॉनर 20 मार्च 1991 रोजी न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीच्या 53 व्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून मरण पावला. त्यानंतर विल जेनिंग्ज यांच्यासोबत क्लॅप्टन यांनी ‘टिअर्स इन हेवन’ लिहिले. स्वर्गात भेट झाली तर तू मला ओळखशील का, एवढाच त्या गाण्याचा प्रश्न आहे. 1993 मध्ये त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. 2004 मध्ये क्लॅप्टन यांनी ते गाणे बंद केले, कारण ज्या वेदनेतून ते आले ती आता तशी उरली नव्हती आणि ती नसताना गाणे त्यांना जमेना. काही वर्षांनी ते पुन्हा त्यांच्या मैफलीत आले. गायक खोटेपणा टाळण्यासाठी आपले सर्वांत गाजलेले गाणे बाजूला ठेवतो, ही गोष्ट पुरस्कारांपेक्षा अधिक लक्षात राहणारी आहे.

‘द विनर टेक्स इट ऑल’ची परिस्थिती आणखी विचित्र होती. स्वीडनच्या ॲबा या समूहातील ब्यॉर्न उल्व्हेउस आणि ॲग्नेथा फेल्टस्कोग हे पती-पत्नी विभक्त झाले होते. 1980 मध्ये घटस्फोटावरचे हे गाणे ब्यॉर्न यांनी लिहिले आणि गायला दिले ते ॲग्नेथा यांना. आमच्या घटस्फोटात कोणी जिंकले नाही आणि कोणी हरले नाही, गाण्यातला प्रसंग कल्पित आहे, असे ब्यॉर्न सांगत आले आहेत. तसे असेलही. पण ज्या माणसापासून आपण वेगळ्या झालो त्यानेच लिहिलेले हरलेल्या बाईचे शब्द त्यांनी माइकसमोर उभे राहून गायले, एवढे तरी कल्पित नाही.

‘नथिंग कंपेअर्स टू यू’च्या व्हिडिओतले अश्रू खरे आहेत का?

होय. हे गाणे अमेरिकी गायक प्रिन्स यांचे आहे. त्यांच्या छत्रछायेखालच्या ‘द फॅमिली’ या समूहाने 1985 मध्ये ते प्रसिद्ध केले होते आणि त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. 1990 मध्ये आयर्लंडच्या शिनेड ओकॉनर यांनी ते गायले. व्हिडिओचे काही चित्रण पॅरिसजवळच्या बागेत फिरताना केले होते, पण दिग्दर्शक जॉन मेबरी यांनी शेवटी बहुतेक भाग एका चेहऱ्यावरच ठेवला : काळी पार्श्वभूमी, बारीक कापलेले केस, आणि थेट कॅमेऱ्यात पाहणारे डोळे. शेवटच्या भागात, आईने लावलेली परसातली फुले वाळून गेल्याचा उल्लेख येतो तिथे, डाव्या-उजव्या गालावरून एकेक अश्रू ओघळतो. ओकॉनर यांची आई 1985 मध्ये मोटार अपघातात गेली होती, आणि त्या मायलेकींचे नाते अत्यंत यातनामय होते. त्या ओळीशी आल्यावर आपल्याला आईच आठवली, असे त्यांनी सांगितले आहे. अश्रू येतील असे ठरलेले नव्हते. ते आल्यावर कॅमेरा थांबवला नाही, इतकेच.

गाण्यातली ‘ती’ किंवा ‘तो’ खरोखर कोणी असते का?

कधी एक व्यक्ती असते, कधी दोघा-तिघांची मिळून एक झालेली असते. ‘लैला’ हे क्लॅप्टन यांचे 1970 मधले गाणे पॅटी बॉइड यांच्यासाठी होते. त्या तेव्हा क्लॅप्टन यांचे जिवलग मित्र जॉर्ज हॅरिसन यांच्या पत्नी होत्या. उघड नाव घेणे शक्य नव्हते. त्याच सुमारास निजामी यांचे बाराव्या शतकातले लैला-मजनूचे काव्य क्लॅप्टन यांच्या हाती आले होते, आणि मजनूच्या वेडात त्यांना स्वतःचीच अवस्था दिसली. गाणे प्रथम आले तेव्हा चालले नाही, 1972 मध्ये गाजले. क्लॅप्टन आणि बॉइड यांचा विवाह 1979 मध्ये झाला आणि पुढे तो मोडलाही. दंतकथेतल्या लैला-मजनूला एकत्र संसार करावा लागला नाही, हे त्यांच्या कीर्तीच्या पथ्यावरच पडले असावे.

‘जोलीन’मध्ये दोन व्यक्ती आहेत. डॉली पार्टन यांच्या पतीकडे जास्तच आपुलकीने पाहणारी एक लाल केसांची बँक कर्मचारी, आणि मंचाजवळ स्वाक्षरी घ्यायला आलेली, तितक्याच लाल केसांची एक लहान मुलगी, जिचे नाव पार्टन यांना इतके आवडले की घरी जाईपर्यंत त्या ते घोकत राहिल्या. स्वभाव एकीचा, नाव दुसरीचे.

कार्ली सायमन यांच्या 1972 मधल्या ‘यू आर सो व्हेन’मधला आत्ममग्न पुरुष कोण, हा प्रश्न तर पन्नास वर्षे पुरला आहे. दुसरे कडवे अभिनेते वॉरन बीटी यांच्यावर असल्याचे सायमन यांनी 2015 मध्ये मान्य केले, उरलेल्या कडव्यांतले पुरुष मात्र वेगळे आहेत. 2003 मध्ये त्यांनी हे गुपित धर्मादाय लिलावात विकले आणि एका दूरचित्रवाणी अधिकाऱ्याने ते 50,000 डॉलरना विकत घेतले, तेही कोणाला सांगणार नाही या अटीवर. गंमत अशी, की मागे साथ देणारा आवाज रोलिंग स्टोन्स समूहाचे गायक मिक जॅगर यांचा आहे, आणि कित्येक वर्षे संशयितांच्या यादीत तेही होते.

शीर्षक कसे ठरते?

कधी अपघाताने, कधी भीतीने. कर्ट कोबेन यांच्या खोलीच्या भिंतीवर त्यांची मैत्रीण, गायिका कॅथलीन हॅना यांनी, कर्टला ‘टीन स्पिरिट’चा वास येतो, असे लिहून ठेवले होते. कोबेन यांना ती बंडखोर घोषणा वाटली आणि 1991 मध्ये आपल्या ‘निर्वाणा’ या समूहाच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला त्यांनी तेच नाव दिले. टीन स्पिरिट हे बायकांच्या एका डिओडरंटचे नाव आहे, हे त्यांना नंतर कळले.

‘बेबी वन मोअर टाइम’मध्ये घोटाळा भाषेचा होता. गीतकार मॅक्स मार्टिन हे स्वीडिश. इंग्रजी बोलीत ‘हिट’ हा शब्द फोन करण्याच्या अर्थाने चालतो असे समजून त्यांनी तो ध्रुवपदात वापरला. अमेरिकी कानांना मात्र त्यात मारहाण ऐकू आली. टीएलसी या समूहाने त्यामुळेच गाणे नाकारले. मग ते सोळा वर्षांच्या ब्रिटनी स्पिअर्स यांच्याकडे आले, 1998 मध्ये स्टॉकहोममध्ये ध्वनिमुद्रित झाले, आणि कंपनीने शीर्षकातून तो वादग्रस्त शब्द काढून टाकला. ध्रुवपदात तो तसाच राहिला. केट बुश यांच्या ‘रनिंग अप दॅट हिल’चे मूळ नाव ‘अ डील विथ गॉड’ होते. धर्मनिष्ठ देशांत रेडिओवाले ते लावणार नाहीत, या कंपनीच्या धास्तीमुळे ते बदलले गेले.

आधी आपटलेले गाणे नंतर कसे उसळी घेते?

याचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे येते, म्हणून यशाचे सूत्र सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवणे कठीण जाते. नॉर्वेच्या ‘आ-हा’ने ‘टेक ऑन मी’ 1984 मध्ये आणले, ते चालले नाही. निर्माते ॲलन टार्नी यांनी ते पुन्हा बांधले, तरी पहिल्या झटक्यात काही घडले नाही. मग दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांचा व्हिडिओ आला, ज्यात पेन्सिलीने काढलेला नायक चित्रकथेच्या चौकटीतून हात बाहेर काढून खऱ्या मुलीला आत ओढतो. त्यासाठी सुमारे 3,000 चौकटी हाताने रेखाटल्या गेल्या. ऑक्टोबर 1985 मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. केट बुश यांचे गाणे 1985 मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते. 2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ते वाजले आणि 37 वर्षांनी पहिले आले.

लिओनार्ड कोहेन यांच्या ‘हालेलूया’ची वाट सर्वांत लांबची. कोहेन यांनी त्यावर अनेक वर्षे घालवली आणि डझनावारी कडवी लिहिली. 1984 मधला तो अल्बम अमेरिकेत काढायला त्यांच्या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने नकार दिला. 1991 मध्ये गायक जॉन केल यांनी कोहेन यांच्याकडून कडवी मागवली, तेव्हा फॅक्समधून पंधरा पाने बाहेर आली. त्यांतून निवड करून केल यांनी गायलेली आवृत्ती ऐकून गायक जेफ बकली यांनी 1994 मध्ये आपली केली. बकली 1997 मध्ये मेंफिस येथे बुडून वारले. डिसेंबर 2008 मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर अलेक्झांड्रा बर्क यांची, दुसऱ्यावर बकली यांची आणि 36 व्या क्रमांकावर खुद्द कोहेन यांची अशा एकाच गाण्याच्या तीन आवृत्त्या एकाच आठवड्यात होत्या.

एका कार्यक्रमाने कोणाचे नशीब पालटले आहे का?

ट्रेसी चॅपमन यांचे पालटले, आणि तेही दुसऱ्याच्या अडचणीमुळे. 11 जून 1988 रोजी लंडनच्या वेंब्ली स्टेडियममध्ये, तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठी मैफल होती. चॅपमन यांचा पहिला अल्बम एप्रिलमध्ये आला होता, त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते, आणि दुपारी आपली गाणी गाऊन त्या मोकळ्या झाल्या होत्या. संध्याकाळी स्टीव्ही वंडर मंचावर येणार होते. ऐन वेळी लक्षात आले, की त्यांच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्क, जिच्यावर त्यांच्या कार्यक्रमाचे सगळे संगीत साठवलेले होते, जागेवर नाही. तिच्याशिवाय गाणे अशक्य म्हणून ते रडत परत फिरले. थेट प्रक्षेपण चालू होते आणि मंच रिकामा होता.

मांडामांड न करता लगेच उभे राहू शकेल असा कलाकार हवा होता. चॅपमन यांना लागत होते एक गिटार आणि एक माइक. त्या पुन्हा बाहेर आल्या. उसळत्या गर्दीसमोर एकटीने गिटारचे ते चार स्वरमेळांचे आवर्तन सुरू केले आणि ‘फास्ट कार’ गायले. दारूडा बाप, किराणा दुकानातली नोकरी, गाडीत बसून कुठेतरी निघून जाण्याची आशा, आणि शेवटी तेच चक्र फिरून पुन्हा दाराशी, अशी ती कहाणी आहे. ढोलताशांच्या दिवशी ही कुजबुज कोण ऐकेल असे वाटावे, पण स्टेडियम हळूहळू शांत होत गेले. पुढच्या आठवड्यांत अल्बमची विक्री झपाट्याने वाढली.

2023 मध्ये कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स यांनी ते गाणे शब्दांना धक्का न लावता गायले. त्यामुळे कंट्री संगीताच्या यादीत एकटीने लिहिलेले गाणे पहिल्या क्रमांकावर नेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री असा मान चॅपमन यांना मिळाला. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमी सोहळ्यात दोघांनी ते एकत्र गायले. गिटारची सुरुवात वाजवत होत्या चॅपमनच.

कंपन्या ‘गाणे फार लांब आहे’ म्हणून नाकारतात, हे खरे आहे का?

नकार नसला तरी कुरकूर नेहमीची. क्वीन या समूहाचे ‘बोहिमियन ऱ्हॅप्सडी’ 5 मिनिटे 55 सेकंदांचे आहे, आणि 1975 मध्ये एवढे लांब गाणे रेडिओ लावणार नाही असे बहुतेकांचे मत होते. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी त्याची प्रत मित्र आणि निवेदक केनी एव्हरेट यांना ‘लावायची नाही’ अशा सूचनेसह दिली. त्या सूचनेमागचा डोळा मिचकावणे एव्हरेट यांना कळले, आणि शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत त्यांनी ते चौदा वेळा लावले. मधल्या ऑपेराच्या तुकड्यात आवाजांचे इतके थर एकावर एक चढवले होते, की फीत झिजून तिच्यातून आरपार दिसू लागली होती. मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या निवासी शाळेत झाले आणि पियानो व पहिला वाद्यवृंद तिथलाच, हे मराठी वाचकांना बहुधा ठाऊक असते. मात्र त्या गाण्याचा अर्थ त्यांनी कधीच सांगितला नाही, आणि तिथल्या बालपणाशी तो जोडण्याचे प्रयत्न निव्वळ तर्क आहेत.

‘बिली जीन’ची सुरुवातही वादात सापडली होती. आधी ड्रमचा कोरडा ठेका, मग बेसची ती दबक्या पावलांची चाल, मग कीबोर्डचे तुटक स्वर, आणि एवढे झाल्यावर, सुमारे अर्ध्या मिनिटाने, मायकल जॅक्सन यांचा आवाज. निर्माते क्विन्सी जोन्स यांना ती कापायची होती. तेवढ्यानेच मला नाचावेसे वाटते, असे जॅक्सन यांचे म्हणणे पडले, आणि जोन्स म्हणत त्याप्रमाणे, मायकलला नाचावेसे वाटत असेल तर बाकीच्यांनी गप्प बसावे. ध्वनिअभियंते ब्रूस स्वीडियन यांनी त्या गाण्याचे 91 मिक्स केले. शेवटी वापरला गेला तो दुसरा.

चाल उचलल्याचे आरोप झाले तर काय होते?

न्यायालयात दोन्ही चाली शेजारी ठेवून स्वर मोजले जातात. जॉर्ज हॅरिसन यांच्या 1970 मधल्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर असा खटला झाला, कारण त्याची चाल 1963 मधल्या शिफॉन्स समूहाच्या ‘ही इज सो फाइन’शी जुळत होती. 1976 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की हॅरिसन यांनी हे जाणूनबुजून केले नसले तरी ऐकलेली चाल नकळत उतरली आहे, आणि नकळत झाले तरी ते उल्लंघनच. मॅकार्टनी विम्पोल स्ट्रीटच्या त्या चालीची चौकशी दारोदार का करत होते, ते इथे समजते.

या खटल्यात एक उपकथानक आहे. हॅरिसन यांचे पूर्वीचे व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांनी खटला चालू असतानाच्या काळात समोरच्या पक्षाचे हक्क विकत घेतले आणि आपल्याच जुन्या अशिलासमोर उभे राहिले. न्यायालयाला हे रुचले नाही. क्लाइन यांनी हक्कांसाठी मोजलेल्या 5,87,000 डॉलरएवढीच रक्कम त्यांना मिळावी, नफा मिळू नये, असे ठरले.

हेच क्लाइन 1997 मध्ये पुन्हा भेटतात. ‘बिटर स्वीट सिंफनी’साठी द व्हर्व्ह या समूहाने रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याच्या वाद्यवृंद आवृत्तीतला लहानसा तुकडा वापरला. त्या गाण्याचे हक्क क्लाइन यांच्या कंपनीकडे होते. ठरल्यापेक्षा जास्त भाग घेतल्याचे कारण पुढे आले, आणि सगळे शब्द रिचर्ड ॲशक्रॉफ्ट यांचे असूनही गाण्याचे श्रेय स्टोन्सच्या जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांच्या नावे गेले, उत्पन्नही गेले. मे 2019 मध्ये त्या दोघांनी आपला हक्क सोडून तो ॲशक्रॉफ्ट यांना परत केला. त्याला बावीस वर्षे लागली.

‘बिलीव्ह’मधला तो यंत्रासारखा आवाज कसा काढला?

ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरने. सूर चुकला तर तो हळूच जागेवर आणावा, ऐकणाऱ्याला कळूही नये, यासाठी ते 1997 मध्ये बाजारात आले. त्याचे जनक अँडी हिल्डब्रँड हे पूर्वी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परत येणाऱ्या ध्वनिलहरींचे विश्लेषण करत असत, आणि तेच गणित त्यांनी गळ्याला लावले. शेर यांच्या 1998 मधल्या गाण्यात निर्मात्यांनी दुरुस्तीचा वेग टोकाला नेला. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज मींडेसारखा घसरत न जाता पायरीवरून उडी मारल्यासारखा तुटतो. कंपनीला तो भाग काढायचा होता, शेर यांनी साफ नकार दिला. गुपित फुटू नये म्हणून निर्मात्यांनी सुरुवातीला आपण व्होकोडर, म्हणजे आवाजाला यंत्राचा पोत देणारे जुने उपकरण, वापरल्याचे खोटेच सांगितले होते.

‘डान्सिंग क्वीन’ स्वीडनच्या राणीसाठी लिहिले होते ना?

नाही. ॲबाने ते 18 जून 1976 रोजी, राजा कार्ल गुस्ताफ आणि सिल्व्हिया यांच्या विवाहाच्या आदल्या संध्याकाळी, स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात सादर केले, म्हणून हा समज झाला. ध्वनिमुद्रणाला मात्र 1975 मध्येच सुरुवात झाली होती. त्याचप्रमाणे बीटल्सच्या ‘लुसी इन द स्काय विथ डायमंड्स’च्या आद्याक्षरांत एलएसडी या अमली पदार्थाचे नाव दडवले आहे, हा प्रवाद जॉन लेनन यांनी नेहमी नाकारला. त्यांच्या लहान मुलाने, ज्यूलियनने, शाळेतल्या लुसी नावाच्या मैत्रिणीचे चित्र काढून घरी आणले होते आणि चित्राचे नावही त्यानेच सांगितले होते.

‘डॉक ऑफ द बे’च्या शेवटी शीळ का आहे?

ओटिस रेडिंग यांनी हे गाणे 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो येथे एका हाउसबोटीवर सुरू केले आणि मेंफिसमध्ये गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांच्यासोबत पूर्ण केले. क्रॉपर यांच्या सांगण्यानुसार शेवटी उत्स्फूर्त बोलण्याचा एक तुकडा ठरला होता, ऐन वेळी तो रेडिंग यांना आठवला नाही, म्हणून त्यांनी शीळ घातली. 10 डिसेंबर 1967 रोजी विस्कॉन्सिनमधल्या मोनोना सरोवरात त्यांचे विमान कोसळले. ते 26 वर्षांचे होते. क्रॉपर यांनी शोकाच्या त्या दिवसांतच गाण्याचे मिश्रण पूर्ण केले, त्यात लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज घातला, आणि शीळ होती तशीच ठेवली.